रावसाहेबांचा पक्षप्रवेश

‘महाराष्ट्राच्या राजकारणाला निर्णायक कलाटणी देणारी ऐतिहासिक घटना काल शेवरे येथे हजारोंच्या साक्षीने घडली.’

हे वाक्य मी सकाळी लिहिलं. घटना संध्याकाळी घडायची होती.

“हजारोंच्या नको,” बापू हुलवळे कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले. “हजारो म्हटलं की विरोधक मोजायला बसतात. अलोट घाला. अलोट कुणाला मोजता येत नाही.”

मी अलोट घातलं. तेवढ्यात खालची गिरणी सुरू झाली आणि टेबल थरथरायला लागलं. आमच्या लोकहित परिषदेचं तालुका कार्यालय पिठाच्या गिरणीवर होतं. जिन्यानं वर येणारा कार्यकर्ता पांढराधोट होऊनच खुर्चीत बसायचा. पक्षाची प्रतिमा स्वच्छ ठेवायला आम्हाला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

मोबाइल खेड्यापाड्यांत यायच्या आधीची ही गोष्ट. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. माझा तेव्हा शेवऱ्यात लग्नपत्रिकांचा छापखाना होता. ज्याला लग्नाचं आमंत्रण लिहिता येतं त्याला पक्षाचं पत्रक काय अवघड, असा विचार करून बापूंनी मला तालुका प्रसिद्धिप्रमुख करून टाकलं होतं. विचार बरोबर होता. दोन्हीकडं मजकूर तोच असतो, फक्त पत्रकात जेवणाची वेळ नसते.

बापू स्वतः तालुकाध्यक्ष. कधीपासून, ते त्यांनाही आठवत नसावं. परिषदेचं चिन्ह रहाट. ते भिंतीवर रंगवता रंगवता त्यांचे केस पांढरे झाले. दर निवडणुकीला वाटायचं, यंदा तिकीट बापूंना. आणि दर निवडणुकीला ऐनवेळी दुसऱ्या पक्षातून कुणीतरी रुसून यायचा, तिकीट घ्यायचा, पडायचा आणि परत जायचा. बापू पुन्हा भिंती रंगवायला मोकळे.

“यंदा तसं नाही,” बापूंनी कागद माझ्याकडं दिला. “आज रावसाहेब इंगवल्यांचा प्रवेश झाला की तिकीट आपलं. खुद्द प्रदेशाध्यक्षांनी शब्द दिलाय.”

“काय म्हणाले नेमकं?”

“म्हणाले, रावसाहेबांना आणा, मग तुमचं बघतो.”

“बघतो म्हणजे?”

“बघतो म्हणजे बघतो. तुम्ही छापखानेवाले लोक, शब्दाशब्दाला अडता.”

“आणि रावसाहेब नाही आले तर?”

बापूंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. पीठ माझ्या चहात पडलं. “तर तालुका कमिटी बरखास्त. तेही म्हणालेत. ते मात्र नेमकं म्हणालेत.”

रावसाहेब इंगवले म्हणजे माजी आमदार. दूध संघ त्यांचा, बाजार समिती त्यांची, तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत अक्षता पडायच्या आधीचं भाषण त्यांचं. त्यांच्या पक्षानं त्यांना यंदा विचारलं नव्हतं, म्हणून त्यांना अचानक लोकहिताची आठवण झाली होती. असा माणूस परिषदेत यायचा म्हणजे आमच्याकडं लग्न निघाल्यासारखंच होतं. सगळी घाई, सगळी धाकधूक मुलीकडच्यांची. आणि मुलीचा बाप म्हणजे बापू.

दुपारी बाजारतळावर मांडव भरायला लागला. कार्यक्रम साधा होता. प्रदेशाध्यक्ष हेलिकॉप्टरनं येणार, रावसाहेब त्यांच्या गावाहून गाड्यांच्या ताफ्यानं येणार, त्यांच्या गळ्यात पिवळं उपरणं पडणार, टाळ्या, भाषण, आणि दिवस मावळायच्या आत हेलिकॉप्टर परत.

हेलिकॉप्टर वेळेवर आलं. ते उतरताना मांडवाची एक कनात उडाली आणि महिला आघाडीच्या रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या.

“वहिनी कुठायत?” मी बापूंना विचारलं. महिला आघाडीच्या अध्यक्षा म्हणजे बापूंच्या मंडळी, गोदावहिनी.

“ती गेलीय बाया घेऊन रावसाहेबांच्या स्वागताला. जीप घेऊन गेलीय सकाळी.” बापूंचा ऊर भरून आला. “एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपणहून म्हणाली, पक्षाचं काही काम असलं तर सांगा. म्हटलं, रस्त्यावर जरा ओवाळा पाहुण्याला.”

प्रदेशाध्यक्ष भाऊसाहेब रणखांबे हे भरदार गृहस्थ. त्यांच्याबरोबर सबनीस नावाचा चिटणीस आणि काळा चष्मा घातलेला वैमानिक. मागं शहरातून आलेल्या पत्रकारांची एक छोटी बस. भाऊसाहेबांनी स्टेजवर येऊन दोन्ही हात जोडले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

“इंगवले?”

“येतायत साहेब,” बापू म्हणाले. “निघालेत कधीचे.”

“मग सुरू करा काहीतरी.”

काहीतरी सुरू करणं माझ्याकडं होतं. मी माइक हातात घेतला. स्टेजवरच्या सगळ्यांचे सत्कार झाले. मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचे सत्कार झाले. हार संपले, तेव्हा आधी घालून काढून ठेवलेले हार पुन्हा फिरवले. स्थानिक शाहिरांनी पोवाडा म्हटला. लोकांनी टाळ्या वाजवल्यावर त्यांनी आणखी एक म्हटला, तेव्हा टाळ्या थांबल्या. मी रावसाहेबांच्या कार्याचा गौरव केला. आदल्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात मीच पत्रक छापलं होतं, तेव्हा कार्य मला तोंडपाठ होतं. फक्त क्रियापदं बदलायची होती.

रस्त्यावर धुरळा दिसला की बापू स्टेजच्या टोकाला पळायचे. एकदा एसटी निघाली. एकदा उसाचा ट्रॅक्टर. एकदा खरोखरच पांढरी गाडी आली, बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, आणि आतून तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी उतरले. ते बिचारे गर्दी बघून परत गाडीत बसले.

वैमानिक स्टेजच्या पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. त्यानं आधी आभाळाकडं पाहिलं, मग घड्याळाकडं, मग भाऊसाहेबांकडं.

“सर, सनसेट के बाद मैं नहीं उडाऊँगा. फिर आज रात यहीं रुकना पडेगा.”

“काही हरकत नाही,” बापू लगबगीनं म्हणाले. “आमच्या घरी व्यवस्था होईल साहेबांची. माडीवर.”

भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला. “सबनीस, जरा इकडं या.”

दोघं स्टेजच्या मागं गेले. मी पाण्याचा तांब्या आणायला कनातीआड वाकलो होतो. कनात पातळ होती.

“पत्रकारांना आपण काय सांगून आणलंय?” भाऊसाहेब विचारत होते.

“जिल्ह्यातला पहिला उमेदवार आज जाहीर करणार म्हणून.”

“मग? उमेदवार कुठंय? इंगवले आले की प्रवेश आणि उमेदवारी एका हारात उरकायची. तसंच ठरलंय त्यांच्याशी.”

“आणि ते तालुकाध्यक्ष, साहेब?”

“कोण?”

“ते हो, धोतरवाले. सारखे रस्त्याकडं पळतायत ते.”

“त्यांना एखादं महामंडळ देऊ.”

“आपलं सरकार नाहीये, साहेब.”

“म्हणून तर देऊ.”

मी तांब्या तसाच खाली ठेवला. स्टेजवर गेलो तर बापू माझ्या जागी माइक धरून उभे होते आणि लोकांना सांगत होते, “रावसाहेबांच्या स्वागतासाठी सगळ्यांनी उभं राहायचंय. बसा. आले की उभं राहायचंय.”

“बापू, जरा इकडं या. मला बोलायचंय.”

“बोलत काय बसलाय? मुनीरची मोटारसायकल घ्या आणि जा बघू सामोरं. कुठं अडकलेत ते बघा. त्यांना म्हणावं, साहेब थांबणार नाहीत, जसे असाल तसे या.” त्यांनी माझं मनगट धरलं. “देशिंगकर, आज काय वेडंवाकडं झालं ना, तर मला पुन्हा गावात तोंड दाखवता यायचं नाही. जा.”

आता ह्या माणसाला काय सांगायचं? ज्याच्या वाटेकडं तुम्ही डोळे लावून बसलाय तोच तुमचं ताट उचलायला येतोय म्हणून? मी मुनीरच्या मागं बसलो.

मुनीर हा आमचा शहर शाखेचा अध्यक्ष आणि गॅरेजवाला. त्याची राजदूत फक्त त्याचंच ऐकायची. आम्ही निघालो. सूर्य उजव्या अंगाला होता, अजून उसाच्या चांगला हातभर वर. रस्त्याकडेच्या खांबांना आमचे कर्णे बांधलेले होते. नाक्याच्या पुढंपर्यंत बापूंचा आवाज आमच्याबरोबर आला. “बसा. आले की उभं राहायचंय.”

“अपघात तर झाला नसेल?” मुनीर मान वळवून ओरडला.

मला आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचीच भीती वाटली. बापू निरोप देतात रावसाहेबांना पळवत आणा म्हणून. रावसाहेब आले तर बापू संपले. नाही आले तर कमिटी बरखास्त, तरीही बापू संपले. मी नेमकं कुणाला सामोरा चाललो होतो ते मला कळेना. मोटारसायकलवर विचार करणं तसंही अवघड असतं, राजदूतवर तर फारच.

वाघोशीच्या पारापाशी ताफा दिसला.

गाड्या रस्त्यातच उभ्या होत्या. केळीच्या खुंटांची कमान, आंब्याची पानं, कुणाच्या तरी लग्नातला शामियाना. मधोमध खुर्चीवर रावसाहेब. गळ्यातले हार कानांना लागले होते, तेवढ्यातून चेहरा दिसत होता. कपाळावर कुंकवाचे एवढे थर की नवीन कुंकू लावणाऱ्या बाईला जागा शोधावी लागत होती. हातात चहाची कपबशी. पुढं बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात निरांजन. रांगेचं टोक देवळामागं गेलेलं.

“या, देशिंगकर!” रावसाहेब म्हणाले. दमलेले होते, पण खूश होते. “अहो, तुमच्या परिषदेत एवढी माणसं कधीपासून आली? आम्हाला वाटत होतं पक्ष मेलाय.”

“तुम्ही येणार म्हटल्यावर उठून बसला,” मी म्हणालो.

“निघाल्यापासून हेच. गावाला गाव, ओवाळणी, फेटा, चहा. करंजे गावात तर घरात नेऊन बसवलं. नको म्हणावं तर आयाबहिणी. उद्या यांच्याच दारात मतं मागायला जायचंय. भाऊसाहेब आले का हो?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून हाक आली. “भाऊजी, जरा येता का इकडं?”

गोदावहिनी देवळाच्या भिंतीशी उभ्या होत्या. नऊवारी, डोईवर पदर, हातात कुंकवाचा करंडा. जीप बाजूलाच होती. मी गेलो.

“निरोप काय आणलाय?” त्यांनी विचारलं.

“ताबडतोब चला म्हणून. हेलिकॉप्टर दिवस मावळायच्या आत जाणार. आता निघाले तर वेळेत पोचतील.”

“पोचतील,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून तर ही रांग देवळामागनं आणलीय.”

“म्हणजे? मुद्दाम?” मी विचारलं.

“मंगळवारी देवीला गेले होते,” त्या शांतपणे सांगायला लागल्या, वाणसामान सांगावं तशा. “रावसाहेबांची मालकीण आलेली ओटी भरायला. गुरवीणबाईला सांगत होती, साहेबांचा अर्ज भरायच्या दिवशी पाच सवाष्णी जेवायला घालीन म्हणून. मी मागंच उभी. माणूस अजून पक्षात आलेला नाही, आणि हिच्या सवाष्णीसुद्धा ठरल्या. मग आमचे हे कशाला मांडव घालतायत उन्हातान्हात?”

“बापूंना सांगितलंत?”

“ह्यांना? ह्यांना सांगितलं असतं तर हे स्वतः जाऊन रावसाहेबांना खांद्यावर बसवून घेऊन आले असते. पक्षाचा आदेश म्हणून.” त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. “लग्न होऊन आले तवापासनं बघतेय, भाऊजी. सतरंज्या आम्ही घालायच्या आणि बसायचं दुसऱ्यानं. बसून उठून गेला की घड्या परत आमच्याच. मला काय आमदारीण व्हायची हौस नाही. पण एकदा ह्या माणसाचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलेलं ऐकायचंय. बास.”

“पण वहिनी, एवढ्या गावांत…”

“माझं माहेर करंज्याचं. सहा बहिणी आम्ही, सगळ्या ह्याच रस्त्यानं दिलेल्या. बाकी नणंदा, जावांच्या बहिणी. निरोप धाडला, परिषदेचा पाहुणा येतोय, मान राखा. राखला. मी कुणाला अडवलंय होय? ओवाळणं म्हणजे अडवणं होतंय का?”

होत नव्हतं. जगातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात ही तक्रार नोंदवली गेली नसती.

“आणि नाही पोचले तर कमिटी बरखास्त होईल म्हणतात,” मी म्हणालो.

“होऊ दे. कमिटीत आहे कोण? हे, तुम्ही आणि मुनीरभाऊ. घरी बसाल तिघं.” मग त्यांचा आवाज जरा उतरला. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, “भाऊजी, चुकीचं करत असले तर आत्ता सांगा. मी बाया बाजूला करते. निरोप तुमच्या हातात आहे.”

सूर्य देवळाच्या कळसामागं गेला होता. मी रावसाहेबांकडं परत गेलो. तोवर त्यांनी कपबशी खाली ठेवली होती आणि उठायची तयारी चालवली होती. मुनीर निरोपाची वाट बघत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“काय म्हणतात भाऊसाहेब?” रावसाहेबांनी विचारलं.

“म्हणाले, निवांत या,” मी म्हणालो. “आयाबहिणींचा मान मोडून येऊ नका. सगळ्यांचं घेऊन या. आम्ही आहोत.”

हे भाऊसाहेब म्हणाले नव्हते. पण त्यांच्या स्वभावाला शोभून दिसत होतं. मुनीरनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग मोटारसायकलच्या टाकीचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत बसला.

“बघा,” रावसाहेब परत खुर्चीत टेकले. “मोठा माणूस. आमच्या पक्षात ही रीत नाही राहिली. घ्या, ताई, तुमचं घ्या.”

देवळामागची रांग हलायला लागली.

तिथून निघताना रावसाहेबांनी मला आग्रहानं आपल्या गाडीत घेतलं. महिला आघाडीची जीप पुढं गेली होती. थोरल्या मळ्यापाशी वहिनींची धाकटी बहीण ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिथंही उतरावं लागलं. परत गाडीत बसलो तेव्हा बाहेरचं सगळं तांबूस झालं होतं. रावसाहेब आता बोलत नव्हते. मांडीवर मांडी घालत होते, काढत होते, पुढं सरकत होते, मागं टेकत होते. आयुष्य ज्या पक्षात गेलं तो सोडायच्या घटकेला माणसाच्या मनात काय काय होत असेल, असं मला वाटलं.

“हुलवळ्यांना सांगितलंय का कुणी?” त्यांनी मधेच विचारलं.

“काय?”

“तेच. उमेदवारीचं.”

“नाही.”

“बरं झालं. चांगला माणूस आहे.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “ड्रायव्हर, जरा भरभर घे रे. आणि खड्डे चुकव.”

नाक्यावर जीप आडवी उभी होती.

पुढं बाजारतळ दिसत होता, मांडवाचा शेंडा, आणि त्यापलीकडं हेलिकॉप्टरचं फिरायला लागलेलं पातं. गोदावहिनी ताट घेऊन रस्त्यात उभ्या. यजमानीणबाईंचं ओवाळणं राहिलं होतं.

रावसाहेब उतरले. मी उतरलो. मुनीर मागून येऊन थांबला. वहिनींनी निरांजन लावायला घेतलं आणि वाऱ्यानं ते विझलं. परत लावलं. परत विझलं. ही वाऱ्याची लबाडी होती की त्यांची, ते मला आजतागायत सांगता येणार नाही.

आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून भाऊसाहेबांचा आवाज आला.

“बंधूंनो आणि भगिनींनो, वेळेअभावी मला निघावं लागतंय. पण मी शब्द दिला होता की जिल्ह्यातला पहिला उमेदवार आज ह्या मातीत जाहीर होईल, आणि परिषद दिलेला शब्द पाळते!” टाळ्या. “आमच्याकडं उमेदवार बाहेरून आणावे लागत नाहीत! आमचा उमेदवार असा आहे, की जो वर्षानुवर्षं…” इथं थोडा वेळ खरखर झाली. “…सबनीस, नाव काय यांचं?”

माइक चालू होता. नाव सबनीसांना येत नव्हतं. ते मांडवातल्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडून सांगितलं. मग आणखी कुणी, मग सगळेच.

“…बापूसाहेब हुलवळे!”

“साहेब, थांबा! आलेच रावसाहेब!” हा बापूंचा आवाज. ते माइकच्या अगदी जवळ असावेत. “नाक्यावर धुरळा दिसतोय साहेब, एवढा थोडा दम धरा! माझं नंतर बघा, आधी त्यांचं…”

पुढचं काही ऐकू आलं नाही. बँड सुरू झाला होता.

वहिनींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. निरांजन यावेळी लागलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. त्या नवऱ्याचं नाव पुटपुटत होत्या, की देवीचं, कोण जाणे.

रावसाहेब त्यांच्या समोर उभे. कपाळावर ओलं कुंकू, डोक्यावर करंज्याचा फेटा, गळ्यात सगळ्या रस्त्याचे हार. त्यांनी कर्ण्याकडं पाहिलं. मग आडव्या उभ्या जीपकडं. मग जीपमधून उतरून मागं उभ्या राहिलेल्या बायांकडं, एकेकीच्या तोंडाकडं. ही थोरली, ही करंज्याची, ही वाघोशीची. नाकं सगळ्यांची एकच होती. शेवटी त्यांची नजर गोदावहिनींवर येऊन थांबली.

हेलिकॉप्टर मांडवावरून उठलं, आमच्या डोक्यावरून गेलं आणि तांबड्या आभाळात बारीक होत गेलं. धुरळा खाली बसला. रावसाहेबांचे कार्यकर्ते गाड्यांमधून एकेक करून उतरायला लागले. धिप्पाड माणसं, बाह्या सरसावलेली. त्यांनी रावसाहेबांच्या मागं अर्धं रिंगण धरलं आणि हुकमाची वाट बघत उभे राहिले. इंगवल्यांचा राग तालुक्याला माहीत होता. बाजार समितीच्या निवडणुकीत त्यांनी एकदा मतपेटीच विहिरीत टाकली होती म्हणत. ते अपक्ष उभे राहिले असते तर बापूंची अनामतही राहिली नसती. नुसतं आत्ता मांडवात जाऊन गळ्यातले हार काढून फेकले असते, तरी बापूंचं तिकीट रात्रीत रद्द झालं असतं.

मुनीर हळूच माझ्या मागं सरकला. मी कुणाच्या मागं सरकावं ते बघत होतो.

वहिनींनी डोळे उघडले. ताट वर केलं. त्यांनी रावसाहेबांच्या तोंडावरून नजर काढली नाही, आणि नेमानं, सावकाश, एक फेरा ओवाळला. दुसरा ओवाळला. तिसरा ओवाळला. कपाळावर जागा शोधून बोट टेकवलं.

“या, भाऊ,” त्या म्हणाल्या.

रावसाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला होता. त्यांनी जबडा घट्ट मिटला होता. एका हातानं त्यांनी आपल्या माणसांना जागच्या जागी थांबवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मला जवळ बोलावलं. मी गेलो. त्यांनी माझा खांदा धरला, चांगला दाबला, आणि तोंड कानाशी आणलं.

“देशिंगकर,” ते दातांवर दात ठेवून म्हणाले, “बंड करायचं का घरी जायचं, ते मी उद्या ठरवतो. आधी ह्या बायामाणसांना जरा पलीकडं तोंड करून उभं राहायला सांगा. गावोगाव चहा झालाय.”